खाडीतली चिंच

माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे लोक मला कोकणातला धरतात आणि याला पोहता येत असणारच असं परस्पर ठरवून टाकतात. मला पोहता येत नाही. वडील गिरणीत लागायला कोकणातून आले, गिरणी बंद पडल्यावर बोरिवलीला सरकले आणि मी तिथल्याच एका दुसऱ्या मजल्यावर वाढलो. पाण्याशी माझा संबंध सोसायटीच्या टाकीपुरता. असा मी खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या घरचा जावई झालो, ही बायकोच्या मते तिची झालेली मोठीच फसवणूक आहे.

तिचं माहेर गोराईच्या बाजूला. बोरिवलीहून रिक्षाने जेटी आणि जेटीवरून फेरीबोटीने दहा मिनिटं. तेवढी दहा मिनिटंसुद्धा मी कठडा धरून काढतो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने काटक, बोलणं तुटक. माझ्याशी बोलताना ते आपली कोळी भाषा जरा सपाट करून घेतात, जावयाला कळावी म्हणून. त्यांची एक लहान मशीनची होडी आहे. मोठी मासेमारी कधीच सुटली होती, पण रोज सकाळी खाडीतून खाली मनोरीच्या तोंडापर्यंत जायचं, जाळं टाकायचं आणि घरापुरतं म्हावरं घेऊन यायचं, हे त्यांनी सोडलं नव्हतं.

मग एका पावसाळ्यानंतर त्यांनी होडी दोनदा जेटीला आपटली. तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या जाळ्याच्या खुंटावर नेली आणि त्यावरून गावात भांडण झालं. डोळे तपासले तर दोन्हीकडे मोतीबिंदू. एकापाठोपाठ एक दोन्ही ऑपरेशनं झाली, छान झालंय असं डॉक्टर म्हणाले, पण माझ्या दोन्ही मेहुण्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. होडी विकून टाकायची, असं थोरल्याने काढलं. गिऱ्हाईकही तयार होतं. मार्व्याच्या बाजूच्या एका माणसाला हौशी लोकांना फिरवायला होडी हवी होती. मामा म्हणाले, होडी गेली तर मी घरात बसून भिंत बघू काय? आणि दोन दिवस जेवले नाहीत.

शेवटी घरच्यांनी मामांना न सांगता एक तोड काढली. कुणीतरी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन बघून यायचं. त्यांना दिसत असेल तर होडी राहील. दिसत नसेल तर त्याच दिवशी मार्व्याच्या माणसाला होकार कळवायचा.

हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझा धंदाच तो. मी विम्यासाठी नुकसानीची पाहणी करतो. पाणी शिरलेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या. जायचं, फोटो काढायचे, मालक सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि त्यावर फारसा विश्वास न ठेवता अहवाल लिहायचा.

"तुलाच जमेल," बायको म्हणाली. "माझे भाऊ गेले तर होडीतच मारामारी करतील."

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"मग तर तू नीटच बघशील ना."

तिने वडिलांना फोन करून सांगितलं की, याला कधीपासून खाडी बघायची आहे. रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा मामा होडीतलं पाणी उपसत होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आज एकदम खाडी आठवली?"

"हो, कधीपासून मनात होतं."

"बरं," ते म्हणाले, आणि फळीखालचं नारिंगी लाइफ जॅकेट काढून माझ्याकडे फेकलं. सासूबाईंनी डबा आणि चहाचा थर्मास दिला. डबा देताना त्यांनी आधी मामांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. कटाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली होती एवढं मला कळलं.

मशीन सुरू झालं. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. दोन्ही काठांना तिवरांच्या मुळांखालचा काळा चिखल उघडा पडत होता. मागे पॅगोड्याचं सोनेरी टोक, डावीकडे तिवरांच्या वर चारकोप-कांदिवलीच्या इमारती, उजवीकडे डोंगरी. मी पुढच्या आडव्या फळीवर बसलो, दोन्ही हातांनी फळी धरली आणि पाहणीला सुरुवात केली. मामा मागे सुकाणू काखेत धरून बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे नजर कुठे आहे ते समजेना. याची मी मनात नोंद केली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जावईबापू, त्या नव्या बिल्डिंगला हिरवी जाळी हाय का, काढली?"

"आहे अजून."

"हां." मग काही वेळाने, "पलीकडची फेरीबोट सुटली काय?"

"सुटली. माणसं कमी आहेत."

"हां."

असं चाललं होतं. खांबावर पाटी लावलीय त्यावर रंग कुठला, समोरून येतेय ती होडी भरलेली का रिकामी, चर्चच्या क्रूसावर दिवा आहे का. मी उत्तर द्यायचं, त्यांनी हां म्हणायचं. चारपाच प्रश्नांनंतर मला शंका आली. ज्याला दिसतं तो माणूस दुसऱ्याला इतकं कशाला विचारेल? पाहणीला गेल्यावर मालक स्वतः न बघता मलाच विचारायला लागला की काहीतरी गडबड असते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

पुढे खाडी रुंद झाली. रुंद म्हणजे दिसायला. खोल पाणी मधल्या एका अरुंद पट्ट्यातच असतं, बाकी सगळी रेव आणि चिखल, वर वीतभर पाणी. त्या पट्ट्यातून होडी नेण्यासाठी कोळी काठावरच्या खुणा बघतात. एक खूण दुसरीच्या मागे आली, की वळायचं. हे मला बायकोने शिकवून पाठवलं होतं, त्यामुळे मामा हात वर करून दाखवायला लागले तेव्हा मी कान टवकारले.

"ती चिंच बघा. चिंच डोंगरीच्या खांद्याला टेकली, की डावीकडं घ्यायचं."

मी बघितलं. तिथे डोंगरी होती. डोंगरीच्या खाली दोनचार बंगले होते आणि एक मोबाइलचा टॉवर होता. चिंच नव्हती. चिंच सोडा, तिथे सावलीला म्हणून एक झाड नव्हतं.

"कुठली चिंच, मामा?"

"ती काय, समोर," असं म्हणून त्यांनी पुन्हा बोट दाखवलं आणि शांतपणे होडी डावीकडे घेतली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आता दोन ताड. त्यांच्यावर नजर ठेवा." मी मान वळवून वळवून बघितलं. दोन ताड नव्हते, एकही नव्हता. त्यांचा हात होता तिकडे नुसत्या इमारती होत्या.

मला खरंच वाईट वाटलं. हा माणूस डोळ्यांनी काही बघत नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीची खाडी त्याच्या डोक्यात होती आणि तिच्यातून तो होडी हाकत होता. मी मोबाइल काढला. मामांना दिसणार नाही असा मांडीआड धरला (दिसत नाही असं ठरवलेल्या माणसापासून मी मोबाइल लपवत होतो, हेही तेव्हा लक्षात आलं नाही) आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं: 'यांना दिसत नाही. नसलेली झाडं दाखवतायत. मार्व्याच्या माणसाला हो सांगा.' पाठवलं. मोबाइल पिशवीत गुंडाळून खिशात टाकला.

एवढ्यात मामा म्हणाले, "ताड एक झाले," आणि त्यांनी होडी सरळ उजव्या काठाच्या तिवरांवर घातली. माझ्या दृष्टीने तरी तसंच. समोर हिरवी भिंत, डावीकडे ही एवढी मोकळी, चकाकणारी खाडी. आणि हा म्हातारा भिंतीकडे निघालेला. मी ओरडलो, "मामा, डावीकडे! डावीकडे पाणी आहे!" ते काही ऐकेनात. मी उठलो. होडीत उभं राहायचं नसतं हेसुद्धा विसरलो. दोन फळ्या ओलांडून मागे गेलो आणि सुकाणूचा दांडा धरून माझ्याकडे ओढला.

मोकळ्या पाण्यात आम्ही पंधरावीस हात छान गेलो. मग खालून लोण्यात सुरी जावी तसा मऊ आवाज झाला आणि होडी थांबली. मी त्यांच्याच अंगावर पडलो. मामांनी मला बाजूला सारून मशीन बंद केलं.

"बसली," ते म्हणाले.

"मग आता?"

"आता आपण पण बसू. भरती येईपर्यंत."

साडेनऊ वाजले होते. पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेलं. अर्ध्या तासात होडीच्या चारी बाजूंना चिखल वर आला आणि त्यात बारीक खेकडे फिरायला लागले. उतरून ढकलायची सोय नव्हती, माणूस कमरेपर्यंत रुततो म्हणे. आणि मी ज्या तिवरांच्या भिंतीला घाबरलो होतो, तिच्या अगदी कडेने खोल पाण्याचा हिरवा पट्टा जाताना आता लख्ख दिसत होता. मामा त्याच पट्ट्याकडे चालले होते. तरी माझं समाधान झालं नाही. सवयीने गेले असतील, दिसलं म्हणून नव्हे, असं मी मनाशी म्हणत राहिलो. एकदा अहवाल पाठवला की तो बरोबर ठरावा असं वाटायला लागतं.

मामा रागावले नाहीत. त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. आम्ही जेवायला लागलो.

तेवढ्यात त्या हिरव्या पट्ट्यातून एक होडी आली. चाळिशीचा एक माणूस आणि त्याची बायको, दोघंही मामांच्या ओळखीची. आम्हाला चिखलात बसलेलं बघून बाई पदरात हसायला लागल्या. त्याने मशीन हळू केलं.

"काय तांडेल! तुमची होडी रुतली? आज चिंच चुकली काय?"

"चिंच नाय चुकली," मामा म्हणाले. "ताडाकडं जावय आडवा आला."

"अरे वा! आता ताड एक झाले, की आणखी थोडं काठाला घेत जा, रेव सरकलीय," असं सांगून तो पुढे निघून गेला. बाईंचं हसणं बऱ्याच लांबून ऐकू येत होतं.

मी हातातला घास तसाच धरून बसलो होतो. या माणसाला मोतीबिंदू नव्हता. तरणाताठा माणूस, आणि त्यालाही चिंच दिसत होती, ताडही दिसत होते.

"मामा," मी म्हणालो, "ती चिंच मला एकदा नीट दाखवा."

त्यांनी हात लांब करून दाखवलं. मी त्यांच्या खांद्यामागे जाऊन बोटाच्या रेषेत बघितलं.

"तो मोबाइलचा टॉवर आहे."

"हां. चिंच."

"अहो, टॉवर आहे तो!"

"मग मी काय बोलतो? आता टॉवर हाय. त्याच्या आधी तिथं पाण्याची टाकी होती. त्याच्या आधी लाल कौलांचं घर." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "चिंच माझ्या आज्याच्या वेळची. मी पण नाय बघितली ती कधी."

"आणि ताड?"

"ते दोन बिल्डिंगचे टॉवर. एक पिवळा, एक राखाडी. पिवळ्याला आता नवा रंग लावतायत, बगा, खालून चार मजले झालेत. वरती झोपाळा लटकतोय रंगाऱ्यांचा."

मी बघितलं. पिवळी इमारत. खालचे चार मजले ताज्या रंगाचे. वरती मला काही दिसेना, मग डोळे बारीक केल्यावर दोरांवर लटकणारी एक फळी दिसली.

मेसेज! मी जॅकेटची बक्कल तोडतच खिशात हात घातला. पिशवीची गाठ सुटेना, ती दाताने सोडली. आत्तापर्यंत थोरल्या मेहुण्याने वाचलंही असेल, मार्व्याला फोनही केला असेल, तो माणूस टोकन घेऊन निघालाही असेल. स्क्रीन उघडली. माझ्या मेसेजच्या कोपऱ्यात घड्याळाची खूण तशीच होती. तिवरांच्या आड नेटवर्क नव्हतं. मेसेज गेलेलाच नव्हता. मी तो काढून टाकला, नीट पुसला गेला की नाही ते दोनदा बघितलं, मग मोबाइलच बंद करून टाकला आणि होडीच्या तळाशी पाय पसरून बसलो. इतकं हलकं मला मुलीच्या दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. ऑफिसचं होतं."

"हां," ते म्हणाले आणि थर्मासच्या झाकणात मला चहा ओतला. एक थेंब बाहेर सांडला नाही.

दीडच्या सुमाराला भरतीने होडी उचलली. परतताना मी पुढच्या फळीवर न बसता मामांच्या शेजारी बसलो. सुकाणूला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. त्यांचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. आता मला त्यांचा त्रास होत नव्हता.

"तो मोडका खुंट दिसतोय? त्याच्यावर काय बसलंय?"

मी बघितलं. बराच लांब एक खुंट पाण्याबाहेर आला होता. "काही नाही."

"नीट बगा."

"काही नाही, मामा. नुसतं लाकूड आहे."

होडी जवळ गेली तसा खुंटाचा वरचा भाग उघडला आणि एक राखी बगळा पंख पसरून उडाला. मामा हसायला लागले. त्या तुटक बोलणाऱ्या माणसाला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी काळा चष्मा काढला, लुंगीच्या सोग्याने डोळे पुसले, पुन्हा घातला आणि पुन्हा हसले. एका बगळ्यात एवढं काय हसण्यासारखं आहे, ते मला कळेना. माझी फजिती झाली म्हणून हसतायत असं समजून मीही हसलो.

जेटीला दोर बांधताना त्यांनीच विषय काढला. माझ्याकडे न बघता, गाठ आवळत.

"पोरांनी तुम्हाला कशाला पाठवलं, ते मला ठाऊक हाय."

मी दोराचं दुसरं टोक त्यांच्याकडे दिलं.

"मला पण तुम्हीच पायजे होतात. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा होडी काढली. रात्रभर झोप नाय." त्यांनी दोराला आणखी एक वेढा दिला. "साठ वर्षं ही खाडी बघतो. डोळे बांधले तरी मला सगळं दिसणार. मग जे दिसतंय ते डोळ्यांना दिसतंय, का नुसतं डोक्यातलं, हे मला कसं कळणार? पोरांना विचारलं असतं तर विचारलं म्हणूनच होडी विकली असती. तुम्हाला खाडीतलं काय ठाऊक नाय. तुम्हाला जे हाय तेवढंच दिसतं. म्हणून आधी मी मनात बोलायचो, जाळी हिरवी, होडी रिकामी, आणि मग तुम्हाला विचारायचो."

"आणि?"

"सगळं बरोबर आलं." त्यांनी गाठीवर हात थोपटला. "बगळा तर तुम्हाला दिसला पण नाय."

मी एक माणूस तपासायला गेलो होतो आणि तो माझ्याच डोळ्यांनी स्वतःला तपासत होता. माझ्याइतकाच घाबरून, आणि मला काही कळू न देता. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नाही, म्हणून मी डबा आणि थर्मास उचलला आणि त्यांच्या मागून घराकडे चालायला लागलो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मामांचा चेहरा बघून त्या काही न विचारता आत गेल्या आणि मोठ्याने भांडी लावायला लागल्या.

मोबाइल सुरू केला तर बायकोचे सात फोन येऊन गेले होते. मी लावला.

"काय रे, कुठे होतास? दिसतं का बाबांना?"

"त्यांना दिसतं," मी म्हणालो. "चष्मा मला लागलाय बहुतेक."

ती हसली, मग तिचा आवाज बदलला. संध्याकाळी थोरल्या मेहुण्याला मी सगळं सविस्तर सांगितलं, चार रंगवलेले मजले, झोपाळा, बगळा. होडी रुतल्याचंही सांगितलं आणि कुणी रुतवली तेही. एका मेसेजबद्दल तेवढं सांगितलं नाही. मार्व्याच्या माणसाला नाही म्हणून कळवलं गेलं.

आता महिन्यातल्या एखाद्या रविवारी मी मामांबरोबर जातो. पोहायला मी अजून शिकलेलो नाही, जॅकेट घालतो. परवा खाडीत त्या पदरात हसणाऱ्या बाई आणि त्यांचा नवरा पुन्हा भेटले. मागून त्यांच्या पुतण्याची होडी येत होती, तो नव्यानेच खाडीत उतरलेला. समोर मोकळी, चकाकणारी खाडी बघून तो डावीकडे वळायला लागला, तसा काका मशीनच्या आवाजावर ओरडला, "अरे तिकडं नको, जावय हाय तिकडं! जावयाच्या उजवीकडून घे!"

मी चमकून मामांकडे बघितलं. मामा समोर बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच दिवसापासून," ते म्हणाले. "सगळी खाडी तसंच बोलते." मग ताड एक झाले आणि त्यांनी होडी शांतपणे काठाला घेतली.